वाढत्या अंगाची खुर्ची

बिराजदार बाईंच्या शोकसभेत त्यांचा फोटो व्यासपीठावरच्या एका खुर्चीत ठेवला होता. खुर्ची मंगल कार्यालयाची, नवरदेवाची: लाल मखमल, सोनेरी हात, पाठीला मोराचा पिसारा. फोटो मोठा करून आणला होता, तरी दोन्ही बाजूंना जागा उरली. पहिला हार पडला तसा तो डावीकडे कलला. दुसऱ्या हाराने आणखी कलला. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण रंगात येईपर्यंत बाई खुर्चीच्या हातावर गाल टेकून सभागृहाकडे तिरप्या बघत होत्या. अध्यक्षांनी त्यांना दिव्यांग बालकांची माउली म्हटलं, मग समर्पणाचं धगधगतं यज्ञकुंड म्हटलं. मे महिन्यात सोलापुरात कुणाला यज्ञकुंड म्हणू नये, एवढं तारतम्य वक्त्यांनी बाळगायला हरकत नाही.

माझं लक्ष भाषणात नव्हतं. फोटोच्या दोन्ही बाजूंना एकेक टॉवेल घडी करून खोचला असता तर तो सरळ राहिला असता. ज्यांच्या हे लक्षात आलं होतं ती माणसं मागच्या रांगांत बसली होती आणि त्यांना वर कुणी बोलावलं नव्हतं. बाई असत्या तर निमंत्रणाची वाट न बघता वर चढल्या असत्या, फोटो आणि खुर्ची यांच्यामधल्या फटीत हात घालून म्हणाल्या असत्या, "चार बोटं मोकळी हायत. कलणार नाही तर काय करणार?"

बोटं हे त्यांचं मोजमाप होतं. गळ्यात टेप असायची, पण शेवटचा शब्द बोटांचा. मूल खुर्चीत बसवलं की त्याची मांडी आणि बाजूची फळी यांच्यामध्ये त्या हात सरकवायच्या. एक बोट गेलं तर ठीक. दोन गेली तर खुर्चीकडे संशयाने बघायच्या. चार गेली तर ज्याने ती खुर्ची दिली त्याच्याकडे.

बाई ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. सरकारी मराठीत ह्याला व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणतात. आमच्या पाटीवर रंगाऱ्याने तो शब्द इतका ठळक काढला की सुरुवातीला दोन तरुण शिलाई मशीनसाठी कर्ज मिळतं का विचारायला आले. बाईंनी त्यांना चहा दिला, आणि निघताना त्यातल्या एकाला सांगितलं, "धंद्याचं मागनं बघू. आधी तो उजवा खांदा कुणाला तरी दाखव."

ज्या मुलांचे हातपाय, मान, पाठ त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वागत नाहीत, त्यांना बसायला, उभं राहायला, घास उचलायला, बोलायला लागणाऱ्या वस्तू करायच्या, हे त्यांचं काम. ते चालायचं भवानी पेठेत, माग बंद पडलेल्या एका शेडमध्ये. शेजारच्या शेडमधले माग मात्र चालू होते, त्यामुळे आमच्याकडे सगळेच मोठ्याने बोलत. पुढच्या भागात माझं टेबल, संस्थेची कपाटं आणि अध्यक्षांचे फोटो. मागच्या भागात प्लायवूड, पाइप, स्पंजाचे तुकडे, रेक्झिन, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध बाई आणि सय्यद मिस्त्री. मी कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो होतो आणि संस्थेचा मानद चिटणीस होतो. मानद म्हणजे पगार नाही, आणि चिटणीस म्हणजे अहवाल लिहायचा.

पहिल्या दिवशी मी टेबलाशी बसून जुने अहवाल वाचत होतो. बाई समोरून गेल्या, थांबल्या, वाकून टेबलाखाली बघितलं आणि म्हणाल्या, "सर, तुमचे पाय लोंबकळायलेत."

मी उंचीने बेताचा. साठी उलटेपर्यंत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. निदान तोंडावर नाही. दुपारी मिस्त्रींनी माझ्या पायाखाली एक फळी आणून ठेवली. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की गेली चाळीस वर्षं माझी जी कंबर दुखत होती आणि जिचं खापर मी विद्यार्थ्यांच्या निबंधांवर फोडत होतो, ती त्या दिवशी दुखली नाही. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग? पाय टेकल्याशिवाय माणूस कसा बसंल?" आणि आत गेल्या. आभार त्यांना घेता येत नसत. कुणी आभार मानायला लागलं की त्या कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत आणि एखादा स्क्रू शोधायला लागत. त्या अक्कलकोटच्या बाजूच्या. प्रेम, राग आणि आकडेमोड कन्नडमध्ये, बाकी संसार मराठीत.

सभासमारंभांत त्यांना नेणं धोक्याचं होतं. एकदा संस्थेने सरकारी साहित्य वाटपाचं शिबिर घेतलं. मांडव, बँड, मोठे पाहुणे. चाकाच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, सगळ्या एका मापाच्या, मोठ्या माणसाच्या. त्यातल्या एकीत पहिली-दुसरीच्या वयाची एक मुलगी बसवून पाहुण्यांना मागे उभं केलं. मुलीचे पाय हवेत आणि ती एका बाजूला गळालेली. फोटोसाठी तिची मान कुणीतरी मागून धरलेली. बाई व्यासपीठावर गेल्या. मुलीच्या शेजारच्या फटीत त्यांचा हात कोपरापर्यंत गेला.

"साहेब, दुसरी मुलगी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"दुसरी कोण?" पाहुणे म्हणाले.

"दोघींची सोय केलीय ह्यात. म्हणून विचारलं."

पाहुणे राजकारणात मुरलेले होते, ते मोठ्याने हसले आणि टाळ्याही त्यांनीच सुरू केल्या. अध्यक्ष हसले नाहीत. पुढे पावसाळाभर मिस्त्री त्या खुर्च्यांचे पाइप कापत होते. पहिला पाइप कापताना त्यांनी हात आवरला. "बाई, सरकारी लोहा है. काटे तो जेल होता."

"काटो. जेलमध्ये बसायला मापाचं देतात का तेवढं बघून येऊ."

मी अहवालात लिहिलं, 'वाटप केलेल्या साहित्यात लाभार्थीनिहाय आवश्यक त्या सुधारणा करण्यात आल्या.' अध्यक्षांना ते वाक्य इतकं आवडलं की पुढच्या वर्षी त्यांनी ते भाषणात घेतलं.

दुसरा प्रसंग भाग्यश्रीचा. मागावर काम करणाऱ्या तेलुगू घरातली ही मुलगी. तिच्या तोंडून शब्द फुटत नसे, हात कुठल्या कुठे जात, डोकं मात्र लखलखीत. एका कंपनीने तिला टॅब्लेट दिला होता. पडद्यावर चित्रं, चित्राला हात लावला की आतून एक बाई बोलायची, 'कृपया मला थोडे पाणी द्याल का?' भाग्यश्री त्याला हात लावेना. सगळे म्हणाले, तिला समजत नाही. बाईंनी तो आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "ही कोण पाहुणी? हिच्या घरात असं कोण बोलतं?"

मग त्या तिच्या घरी गेल्या आणि एकच गोष्ट विचारून आल्या: हिला बोलता आलं तर आधी काय बोलेल? वडील म्हणाले, आम्हाला हाक मारेल. आई म्हणाली, देवाचं नाव घेईल. आजी विड्या वळत होती. तिने मान वर न करता तेलुगूत सांगितलं की ती आधी 'पुरे' म्हणेल, कारण तिला भरवायला बसलं की कुणी थांबतच नाही.

बाईंनी पहिल्या चित्रावर 'पुरे' ठेवलं, तिच्या थोरल्या बहिणीच्या खणखणीत आवाजात. बटण तळहाताएवढं केलं, हात कुठूनही आला तरी लागेल असं. आठवड्याभरात भाग्यश्री बोलायला लागली. वर्धापनदिनी तिला पुढच्या रांगेत बसवलं होतं. अध्यक्ष सहकारमहर्षींपासून सुरुवात करून नुकतेच स्वतःच्या बालपणापर्यंत आले होते, तेवढ्यात सभागृहात आवाज आला, "पुरे." अध्यक्ष थांबले, ध्वनिक्षेपकाकडे बघितलं, पुढे निघाले. पुन्हा, "पुरे." मग तिला थांबवता येईना, कारण थांबवावंसं कुणाला मनापासून वाटत नव्हतं. मी अहवालात लिहिलं, 'भाषणाला उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला.' नंतर अध्यक्षांनी बाईंना बोलावून ते बटण काढायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "बोलायला आपण द्यायचं आणि काय बोलायचं तेही आपणच सांगायचं का?" बटण राहिलं. पुढच्या वर्षी भाग्यश्रीची जागा मागच्या रांगेत गेली, एवढंच.

पण बाईंचं खरं भांडण अध्यक्षांशी नव्हतं, मुलांच्या आयांशी होतं.

सोलापूर हे गणवेश शिवणारं गाव. इथे पोराचा कपडा वाढत्या अंगाचाच शिवतात. जूनमध्ये सदऱ्याच्या बाह्या बोटांपर्यंत, चड्डीच्या आत दुमडलेलं कापड, आणि दरवर्षी ती दुमड थोडी उसवायची. इतक्या शहाणपणाच्या रिवाजात वाढलेली आई मुलाची खुर्ची करून घ्यायला आली की दुसरं काय म्हणणार? "बाई, जरा वाढत्या अंगाचं करा." पट्टे असोत, बूट असोत, उभं राहायची चौकट असो, मागणी तीच. आणि बाईंचं उत्तरही तेच, शेजारचे माग थांबतील अशा आवाजात: "नाही. मापाचं म्हणजे मापाचं. चादर नाही ही, गुंडाळून झोपायला."

मग त्या समजावून सांगत. सैल खुर्चीत मूल घसरतं, घसरलं की पाठ वाकते, पाठ वाकली की छाती दबते आणि श्वास आखूड होतो. सदरा सैल झाला तर वारा जातो, खुर्ची सैल झाली तर मूल जातं. शेवटी आवाज खाली येई. "वाढला की घेऊन ये. नवीन करू. वाढल्याबद्दल मी आजपर्यंत कुणावर रागावले नाही." त्यांच्याकडून वाढत्या अंगाचं काही घेऊन गेलेली आई मी पाहिली नव्हती. एकीचा अपवाद.

रेणुका मूळची वेळापूरकडची. नवरा चिंचोळी एमआयडीसीत कामाला, ती स्वतः गणवेशाच्या कारखान्यात मशीनवर. तिचा मुलगा समर्थ पहिल्यांदा आला तेव्हा चवड्यांवर चालत यायचा आणि वाटेत दोनदा पडायचा. पडला की आधी आईकडे बघून हसायचा, मग उठायचा. त्याच्या पायाला रात्री बांधायचे साचे करायचे होते. रेणुकाने नेहमीची मागणी केली, बाईंनी नेहमीचं उत्तर दिलं. ती हसली.

"आमच्या कारखान्यात आत दोन बोटं दुमड ठेवल्याबिगर मालक सदरा फुडं जाऊ देत न्हाय, बाई."

"तुझ्या मालकाला लावून दे इकडं. त्याच्याच पायाला बांधते."

त्या दिवसापासून त्यांचं जमलं. रेणुका सुट्टीच्या दिवशी येऊन गाद्यांना खोळी शिवून द्यायची. समर्थ मिस्त्रींच्या लाकडांच्या ढिगावर बसून एसटी चालवायचा. गावाहून सोलापूरला येताना त्याला एसटीचा जो नाद लागला तो सुटला नाही. शेडमधल्या सगळ्यांना तो पुढं सरकायला सांगायचा. मला सुट्टे पैसे मागायचा. घंटा तोंडानेच: एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं.

एके दिवशी त्याचे वडील एकटे आले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. स्नायू हळूहळू विरत जातात. आधी पळणं जातं, मग चालणं, मग हात, शेवटी श्वास. औषध म्हणावं असं काही नाही. त्यांनी हे रेणुकाला सांगितलं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की नसांची कमजोरी आहे आणि मोठा झाला की भरून निघेल. ते बाईंना म्हणाले, "तिला कळू देऊ नका. कळलं तर ती हसायची बंद हुईल. आन् ती हसायची बंद झाली तर पोरगं आत्ताच बसंल."

बाई बराच वेळ हातातला स्पंज दाबत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी होऊन सांगणार नाही. पण तिनं विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही. येतच नाही, काय करू?"

रेणुकाने कधी विचारलं नाही.

समर्थचं चालणं थांबलं आणि खुर्चीची वेळ आली. त्याच्या अटी होत्या: आरसा पाहिजे, घंटा पाहिजे, आणि रंग एसटीचा. मिस्त्रींनी भंगारातून स्कूटरचा आरसा आणला. त्याला फळीवर बसवून बाई माप घेत होत्या, मी पलीकडे टेबलाशी होतो. रेणुका त्याच्या सदऱ्याची गुंडी लावत होती. ती सहज म्हणाली, म्हणजे मला तरी ते सहज वाटलं, "बाई, ही तरी वाढत्या अंगाची करा की."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून परत ठेवली. आम्ही सगळेच नेहमीच्या गर्जनेची वाट बघत होतो.

बाईंनी टेप गुंडाळली. "बरं," त्या म्हणाल्या. "वाढत्या अंगाची करू."

रेणुकाचा हात गुंडीवर थांबला. मग तिने ती गुंडी लावली, त्याची कॉलर सरळ केली, आणि म्हणाली, "करा."

खुर्ची सुरेख झाली. बाहेरून ऐसपैस, दोन्ही बाजूंना चार चार बोटं जास्तीची. पण ती जागा मोकळी नव्हती. बाईंनी तिथे स्पंजाचे पातळ थर बसवले होते, प्रत्येक थर वेगळा निघेल असा, व्हेल्क्रोच्या चिकटपट्टीने लावलेला. आत समर्थ मापात बसत होता. मांडीशेजारी त्यांचं एकच बोट सरकलं. "वाढला की एकेक थर काढायचा," त्यांनी रेणुकाला सांगितलं, पण सांगताना बघत होत्या आरशाकडे. खोळी रेणुकानेच शिवल्या होत्या, लाल.

थर काढायची वेळ आली नाही. घालायची आली. समर्थ झडत चालला तशी मांडीशेजारची फट वाढत गेली. बाई दर काही आठवड्यांनी त्याच्या घरी जाऊन आणखी एक थर लावून यायच्या. पिशवीत स्पंज, कात्री, सुई-दोरा. घंटेचंही तसंच. आधी डोक्यावर दोरी होती, खऱ्या कंडक्टरसारखी. हात वर जाईना तेव्हा बाईंनी विजेची घंटा आणली आणि बटण खुर्चीच्या हातावर बसवलं. ते दाबवेना तेव्हा हलकं बटण बोटाखाली आणलं. मग त्याहून हलकं, पीस पडलं तरी वाजेल असं. त्यासाठी त्यांनी मुंबईपर्यंत फोन केले आणि दोन दुकानदारांशी कन्नडमध्ये भांडल्या; ते गुजराती होते. शेवटी शेवटी समर्थचं बोट एकदा दाबू शके, दुसऱ्यांदा नाही. निघायचं असलं तरी एकच घंटा वाजे. घरातल्यांनी ठरवून टाकलं की एक म्हणजे दोन.

थंडीत त्याच्या छातीत कफ झाला. तो निघाला नाही.

समर्थला जाऊन महिना झाल्यावर रेणुका आणि तिचा नवरा रिक्षातून खुर्ची घेऊन आले. पुसून आणली होती, खोळी धुतलेल्या. नवरा दारातच थांबला. रेणुकाने ती ढकलत बाईंसमोर आणली आणि म्हणाली, दुसऱ्या कुणाला होत असंल तर द्या. बाईंनी मान हलवली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि त्या स्क्रू शोधत होत्या.

"बाई, मला त्याच दिवशी कळलं हुतं," रेणुका म्हणाली.

बाई थांबल्या.

"तुमी कधी कुनाला वाढत्या अंगाचं दिलं न्हाय. मला दिलं. तवाच कळलं, ह्यो वाढनार न्हाय."

शेजारचे माग चालूच होते. बाई खाली बसल्या, तिथेच, भुशात. "मला वाटलं," त्या म्हणाल्या, "एकदा तरी तुझं ऐकावं."

"न्हाय म्हनला असता तर बरं झालं असतं," रेणुका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "नेहमीसारखं वरडला असता, तर मी आनि दोन वर्सं हसले असते. खरं हसले असते. नंतरचं समदं त्याच्यासाठी हसत हुते."

बाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि बाजूचे थर काढायला सुरुवात केली. कापड फाटल्यासारखा आवाज करत एकेक थर निघत होता. रेणुकाही खाली बसली आणि दुसऱ्या बाजूचे काढू लागली. ढीग झाला तेव्हा मधली जागा केवढी मोठी आहे ते दिसलं.

ती खुर्ची पुढे एका मुलीला दिली. स्पंज न भरता ती तिला बरोबर बसली. गेल्या वर्षी ती तिला लहान झाली.

त्या दिवसानंतर बाईंचं 'नाही' आणखी मोठं झालं. कुणी आई नुसतं "वाढत्या..." म्हणाली की त्या तुटून पडायच्या. लोक म्हणाले, वयाने स्वभाव बिघडला. अध्यक्षांकडे तक्रारी गेल्या. मला कारण माहीत होतं, रेणुकाला माहीत होतं. ती आता कारखाना सोडून आमच्याकडेच मशीनवर बसत होती. बाई गरजल्या की ती मशीन थांबवायची नाही, फक्त मान खाली घालायची. एकदा एका नव्या आईला रडू आलं तेव्हा रेणुका तिला बाहेर घेऊन गेली आणि पाणी देत म्हणाली, "वरडत्यात तवर बरं हाय, बया. वरडू दे."

बाईंचा आजार उशिरा कळला. त्यांनीच उशिरा दाखवला. दुसऱ्याच्या खांद्यावर लक्ष ठेवणाऱ्या बाईंनी स्वतःच्या पोटातली गाठ अंगावर काढली. अध्यक्षांनी इस्पितळात पुष्पगुच्छ पाठवला. तो इतका मोठा होता की नर्सने बाहेर ठेवला.

मी शेवटचा गेलो तेव्हा त्यांना तपासणीसाठी खाली न्यायचं होतं. रेणुका डबा घेऊन आली होती. वॉर्डबॉयने चाकाची खुर्ची आणली आणि बाईंना उचलून तीत ठेवलं. ठेवलं हाच शब्द बरोबर आहे. बाई इतक्या उरल्या नव्हत्या की बसवावं. खुर्ची धिप्पाड माणसाच्या मापाची, आणि त्या तीत एका बाजूला गळून गेल्या, पाय खालच्या फळीपर्यंत पोचेनात. त्यांनी आपला हात शेजारच्या फटीत सरकवला. चारही बोटं गेली, वर तळहात गेला. मग माझ्याकडे बघितलं.

"बघा सर," त्या म्हणाल्या. "मला वाढत्या अंगाची दिलीय."



रेणुकाने डबा खाली ठेवला. पलंगावरची चादर ओढली, घडीवर घडी घातली, बाईंच्या डाव्या बाजूला खोचली. उजवीकडे स्वतःची शाल. पायाखाली उशी. मग गुडघ्यावर बसून तिने बाईंच्या मांडीशेजारी हात घातला, या बाजूने, त्या बाजूने. एक बोट सरकलं. बाई सरळ झाल्या होत्या. मान आपोआप वर आली होती.

"आता मापात हाय," रेणुका म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. आता बोलण्याइतका श्वास बहुधा उरला नव्हता. त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर होतं. ते त्यांनी उचललं आणि टेकवलं, पुन्हा उचललं आणि टेकवलं. नखाचा लहानसा आवाज झाला, दोनदा.

वॉर्डबॉयला कळलं नाही. तो तसाच उभा होता.

"चला म्हनत्यात," रेणुका म्हणाली.